एका सर्व्हरला धनी किती? : पॅचच्या परस्परविरोधी धोरणांचा अग्रक्रम

संगणक हा आता केवळ शहरातील सुशिक्षितांचा विषय राहिलेला नाही. आपल्या वस्तीतील निराधार वृद्धेचे अनुदान, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, स्वाधार योजनेची रक्कम, पाथर्डी-शेवगावकडून कारखान्यावर गेलेल्या ऊसतोड कामगाराने घरी पाठविलेले पैसे, संगमनेर-राहुरीकडील दूध उत्पादकाचे बिल, हे सर्व कोठल्या तरी बँकेच्या सर्व्हरमधूनच हाती येते. तो सर्व्हर बंद पडला की काउंटरवर 'सर्व्हर डाऊन आहे' एवढेच उत्तर मिळते. तालुक्याच्या गावी एस.टी.चे तिकीट काढून आलेल्या माणसाचा त्या दिवसाचा रोजही बुडतो आणि पैसेही मिळत नाहीत.

आम्ही बँकेत कारकुनी करतो, म्हणून हे उत्तर देण्याचे काम बहुधा आमच्याच वाट्याला येते. सर्व्हर बंद पडण्याची कारणे पुष्कळ असतात. वीज जाते, केबल तुटते, यंत्र जुने होते. परंतु एक कारण असे आहे की ज्याची चर्चा फारशी होत नाही. एकाच सर्व्हरला अनेक ठिकाणांहून वेगवेगळे आदेश येतात, ते एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यातला कोणता मानायचा हे आधी ठरलेले नसते. या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे. विषय तांत्रिक असला तरी त्याचे मूळ आपल्या समाजाला चांगले परिचयाचे आहे.

पॅच म्हणजे काय?

पॅच या शब्दाचा साधा अर्थ ठिगळ. धोतर फाटले तर ते टाकून न देता आपण ठिगळ लावतो, त्याचप्रमाणे सॉफ्टवेअरमध्ये दोष आढळला की ते बनविणारी कंपनी त्या दोषापुरती दुरुस्ती पाठविते. काही ठिगळे चोर शिरेल असे भोक बुजविण्यासाठी असतात, काही चुकीचा हिशेब दुरुस्त करण्यासाठी, तर काही नवी सोय देण्यासाठी. मायक्रोसॉफ्ट कंपनी आपल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या साधारणपणे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते.

ठिगळ लावण्यात दोन भीती असतात. लावले नाही तर भोक उघडे राहते. घाईने लावले तर शेजारचे कापड ओढले जाऊन दुसरीकडे फाटते, म्हणजे कालपर्यंत नीट चालणारा प्रोग्रॅम आज बंद पडतो. शिवाय पुष्कळ पॅच लावल्यावर सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा लागतो, आणि तेवढा वेळ काम थांबते. या दोन भीतींतूनच दोन तऱ्हेची धोरणे जन्माला येतात. 'ताबडतोब लावा' हे एक आणि 'आधी तपासा, मग लावा' हे दुसरे.

एक सेवक, अनेक धनी

एखाद्या सहकारी बँकेचा सर्व्हर घ्या. बँकेचा सुरक्षा विभाग म्हणतो, गंभीर दोषाचा पॅच काही दिवसांच्या आत लागलाच पाहिजे. कोअर बँकिंगचे सॉफ्टवेअर पुरविणारी कंपनी म्हणते, आम्ही तपासून कळविल्याशिवाय पॅच लावलात तर जबाबदारी आमची नाही. हिशेब विभाग म्हणतो, 31 मार्चची वार्षिक अखेर जवळ आली, आता कशालाही हात लावू नका. डेटा सेंटर म्हणते, आम्ही फक्त रविवारी मध्यरात्रीनंतर सर्व्हर बंद करू देऊ. आणि या सर्वांच्या वर रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक असते. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी रास्त आहे, परंतु सर्व्हर एकच आहे.

'सर्व्हर' या इंग्रजी शब्दाचा अर्थच सेवक. एका सेवकाला अनेक धनी असले म्हणजे काय होते, हे आपल्या वाडवडिलांनी महारकीच्या वतनात भोगलेले आहे. महार वतनदार हा महसूल, पोलीस अशा एका कोणत्याही खात्याचा नोकर नव्हता, तो सर्व खात्यांचा आणि सर्व गावाचा नोकर होता. कामाचे तास ठरलेले नव्हते आणि कोणाचा हुकूम आधी मानायचा हेही ठरलेले नव्हते. ज्याचा हुकूम मागे पडला तो रागावणार, आणि शिक्षा मात्र सेवकालाच. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, आणि डिसेंबर 1939 मध्ये आपल्याच जिल्ह्यातील हरेगाव येथे याच प्रश्नावर परिषद झाली. यंत्राला मान-अपमान नसतो, म्हणून माणसाच्या गुलामगिरीशी त्याची बरोबरी करणे योग्य नाही. परंतु या इतिहासातून घेण्यासारखा धडा एक आहे. हुकमांचा क्रम लिहिलेला नसेल तर त्याचा मार सर्वांत खालच्या माणसाला बसतो. येथे तो माणूस म्हणजे रांगेत उभा असलेला खातेदार होय.

यंत्र निर्णय कसा करते?

पॅचची धोरणे शेकडो सर्व्हरवर एकेक करून लिहीत बसता येत नाहीत. ती मध्यवर्ती ठिकाणी लिहून खाली पाठविली जातात. विंडोज सर्व्हरमध्ये यासाठी 2000 सालापासून ग्रुप पॉलिसी नावाची व्यवस्था आहे. तिचा क्रम एकदा समजला म्हणजे बाकीच्या व्यवस्था समजणे सोपे जाते.

या व्यवस्थेत आदेश चार पायऱ्यांनी लागू होतात. प्रथम त्या यंत्रावर स्थानिक लिहिलेला आदेश, नंतर साइटचा म्हणजे त्या ठिकाणच्या जाळ्याचा, नंतर डोमेनचा म्हणजे संपूर्ण संस्थेचा, आणि शेवटी ऑर्गनायझेशनल युनिटचा म्हणजे ज्या गटात तो सर्व्हर ठेवला आहे त्या गटाचा. गटात पोटगट असेल तर पोटगटाचा आदेश सर्वांत शेवटी. नियम असा की जो शेवटी लागू होतो तो टिकतो. म्हणजे संस्थेचा आदेश असेल की 'रोज पहाटे तीन वाजता पॅच आपोआप लावा' आणि कोअर बँकिंग सर्व्हरच्या गटाचा आदेश असेल की 'पॅच उतरवून ठेवा, परंतु माणसाने सांगितल्याशिवाय लावू नका', तर गटाचा आदेश टिकेल. सामान्य नियमापेक्षा विशेष नियम वरचढ, असे हे तत्त्व आहे.

परंतु येथे एक बारकावा आहे. वरचा आदेश सगळाच्या सगळा रद्द होत नाही. जेवढ्या बाबीत विरोध असेल तेवढ्याच बाबीत तो मागे पडतो, बाकीचे कलम लागूच राहते. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 13 मध्ये हाच विचार आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा त्या विसंगतीपुरताच शून्यवत ठरतो.

आता प्रश्न असा की प्रत्येक गटाने आपापला विशेष नियम केला तर संस्थेच्या नियमाला अर्थ काय उरला? यासाठी 'एनफोर्स्ड' नावाचा शिक्का आहे. वरच्या पायरीवरील आदेशावर हा शिक्का मारला की खालचा आदेश त्याला ओलांडू शकत नाही. खालच्या गटाने 'ब्लॉक इनहेरिटन्स' म्हणजे 'वरचे आदेश आम्हांला नकोत' असे लिहून ठेवले असले तरी शिक्क्याचा आदेश आत येतोच. आणि दोन शिक्क्याचे आदेश एकमेकांविरुद्ध असतील तर वरच्या पायरीचा टिकतो. म्हणजे साध्या आदेशांत खालचा जिंकतो आणि शिक्क्याच्या आदेशांत वरचा जिंकतो. हा उलटा क्रम ज्याच्या ध्यानात नाही त्याची फसगत होते.

अनुच्छेद 254 वाचलेल्यास हे नवीन वाटणार नाही. समवर्ती सूचीतील विषयावर संसदेचा आणि राज्याचा कायदा परस्परविरोधी असेल तर संसदेचा टिकतो. परंतु राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली असेल तर त्या राज्यापुरता राज्याचा टिकतो, आणि त्यानंतरही संसदेला पुन्हा कायदा करण्याचा अधिकार राहतो. नियम, त्याला अपवाद आणि अपवादावरही मर्यादा, ही रचना बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीच्या कामात आपण शिकलेलो आहोत.

एकाच गटाला दोन आदेश जोडलेले असतील तर त्यांना क्रमांक दिलेले असतात आणि 1 क्रमांकाचा आदेश टिकतो. लिनक्स पद्धतीच्या सर्व्हरवर मात्र सावध राहावे लागते. यम नावाच्या व्यवस्थेत सॉफ्टवेअरच्या भांडारांना 1 ते 99 असे अग्रक्रम देता येतात, तेथे लहान आकडा वरचढ. डेबियनमधील ॲप्ट व्यवस्थेत मोठा आकडा वरचढ. एकाच बँकेत दोन्ही तऱ्हेचे सर्व्हर असतील आणि सांभाळणाऱ्याने एकाची सवय दुसऱ्याला लावली, तर ज्याला पहिला मान द्यायचा तो शेवटी जाईल. अमेझॉनच्या सर्व्हर-सेवेत तिसरी रीत आहे. तेथे एकच पॅच मंजूर यादीत आणि नामंजूर यादीत असा दोन्हीकडे लिहिला गेला तर तो नामंजूर धरला जातो. शिवाय एक सर्व्हर एकाच पॅच-गटात ठेवता येतो. दोन धनीच नकोत, म्हणजे भांडणही नको, असा हा उपाय आहे.

या सर्व व्यवस्थांत एक गोष्ट समान आहे. दोन आदेश भिडले की यंत्र कोणालाही विचारीत नाही. ठरलेल्या क्रमाने ते मुकाट्याने एक उचलते आणि दुसरा सोडून देते. ज्याचा आदेश मागे पडला त्याला वाटत राहते की आपला हुकूम चालू आहे. म्हणून धोरण लिहिले एवढ्यावर न थांबता, प्रत्यक्षात कोणते लागू झाले ते तपासावे लागते. विंडोजमध्ये 'जीपी-रिझल्ट' ही आज्ञा दिली म्हणजे कोणता आदेश लागू झाला आणि कोणता गळला, त्याचा अहवाल मिळतो.

माणसाने ठरवायचा क्रम

यंत्राच्या क्रमाने सर्व भांडणे मिटत नाहीत. पॅच आज लावायचा की वार्षिक अखेर झाल्यावर, हे यंत्राला कळत नाही. त्यासाठी माणसाने तीन प्रश्न या क्रमाने विचारावेत असे आम्हांस वाटते.

पहिला, या दोषाचा गैरफायदा चोर घेऊ लागले आहेत काय? दोषाची तीव्रता 0 ते 10 अशा गुणांनी मोजतात आणि 9 च्या पुढे अतिगंभीर समजतात. परंतु नुसते गुण पुरेसे नाहीत. सात गुणांचा, पण चोरांच्या हाती पडलेला दोष हा नऊ गुणांच्या, कोणी न वापरलेल्या दोषापेक्षा आधी बुजवावा लागतो. दुसरा, तो सर्व्हर बाहेरच्या जगाला उघडा आहे काय? इंटरनेटकडे तोंड असलेला सर्व्हर आधी, आतला नंतर. तिसरा, तो बंद पडल्यास कोणाचे काय अडेल? येथे मात्र उत्तर दोन्ही बाजूंनी लागू होते. महत्त्वाचा सर्व्हर आधी वाचवला पाहिजे आणि त्याच्यावर चुकीचा पॅचही पडता कामा नये. म्हणून पॅच प्रथम चाचणीच्या यंत्रावर, नंतर थोड्या कमी महत्त्वाच्या सर्व्हरवर आणि मग सर्वांवर, अशा टप्प्यांनी लावतात. घाईच्या प्रसंगी हे टप्पे दिवसांऐवजी तासांत उरकावेत, परंतु गाळू नयेत.

आणि पॅच लावणे खरोखरच शक्य नसेल तर अपवाद लिहून ठेवावा. कोणी मंजूर केला, का केला, किती तारखेपर्यंत आहे आणि तोपर्यंत भोकाभोवती कोणता पहारा ठेवला आहे, या चार गोष्टी त्यात हव्यात. मुदत नसलेला अपवाद हा हळूहळू नियमच बनतो.

तीन घटना

हे सर्व पुस्तकी नाही, हे पटण्यासाठी तीन घटना पाहू.

पहिली 2017 सालची. विंडोजमधील एका गंभीर दोषाचा पॅच मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजी दिला. 12 मे रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर विषाणू त्याच दोषातून पसरला आणि दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या. ठिगळ हाती आल्यापासून जवळजवळ दोन महिने मिळाले होते, परंतु पुष्कळ ठिकाणी 'आत्ता नको' हेच धोरण वरचढ ठरले होते. आपल्या देशात त्या काळी अनेक एटीएम विंडोज एक्सपीवर चालत होती, आणि एक्सपीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 पासूनच थांबविली होती. शेवटी जून 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने टप्प्यांची मुदत घालून दिली. सप्टेंबर 2018 पर्यंत एक चतुर्थांश, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च 2019 पर्यंत पाऊण आणि जून 2019 पर्यंत सर्व एटीएम चालू आधार असलेल्या प्रणालीवर आणावीत. शिक्क्याचा आदेश म्हणजे काय, याचे हे चांगले उदाहरण आहे.

दुसरी घटना 19 जुलै 2024 ची. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलीमुळे जगभरातील सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ती फाइल आपल्या वेळेप्रमाणे सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी निघाली आणि 78 मिनिटांनी मागे घेतली गेली. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, अनेक ग्राहकांनी 'आम्ही नव्या आवृत्तीच्या एक-दोन पावले मागेच राहू' असे सावध धोरण लावून ठेवले होते. परंतु ते धोरण फक्त मुख्य सॉफ्टवेअरच्या आवृत्तीला लागू होते. ही फाइल दुसऱ्या वाटेने येत असे आणि त्या वाटेवर ग्राहकाचे धोरण चालतच नव्हते. दारावर पहारा होता, पण खिडकीचा विचार केलेला नव्हता.

तिसरी घटना आपल्या अगदी जवळची. त्याच महिन्यात, 31 जुलै 2024 रोजी, लहान बँकांना तंत्रसेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाल्याचे दिसताच राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला आपल्या जाळ्यापासून तोडले. देशातील सुमारे 300 लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या खातेदारांचे यूपीआय व इतर व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी, 1 ऑगस्टला, संबंध पूर्ववत झाला. क्लाउडसेक या सुरक्षा संस्थेने आपल्या अहवालात या हल्ल्याचा माग एका संबंधित कंपनीच्या जेन्किन्स सर्व्हरपर्यंत लावला. ज्या दोषाचा त्यात उल्लेख होता त्याची दुरुस्ती जानेवारी 2024 मध्येच निघालेली होती. देशाच्या एकूण व्यवहारांत या बँकांचा वाटा फार अल्प, म्हणून मोठ्या शहरांत त्याची झळ जाणवली नाही. परंतु ज्याचे एकुलते एक खाते अशा बँकेत आहे, त्याच्या दृष्टीने त्या दिवशी संपूर्ण देशाचाच व्यवहार बंद होता.

या घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. 'उशिरा लावा' म्हणणारा एका ठिकाणी चुकला, 'लगेच लावा' म्हणणारा दुसऱ्या ठिकाणी. म्हणून कोणते एक धोरण नेहमीच बरोबर, असे म्हणता येत नाही. कोणत्या प्रसंगी कोणते वरचढ, हे शांत वेळी ठरवून लिहून ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.

धम्माची दृष्टी

महापरिनिब्बान सुत्तात चार महापदेश सांगितले आहेत. भोगनगर येथे तथागतांनी भिक्षूंना सांगितले की, कोणी म्हणेल हे मी प्रत्यक्ष बुद्धांकडून ऐकले, कोणी म्हणेल अमुक संघाकडून, कोणी अनेक थेरांकडून, कोणी एका थेराकडून. बोलणारा कोण आहे यावरून ते स्वीकारू नका किंवा नाकारू नका. ते सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहा आणि जुळले तरच घ्या. म्हणजे दोन वचने भिडली तर ती सांगणाऱ्याच्या मोठेपणावरून तोडगा काढायचा नाही, दोघांनाही मान्य असलेल्या मापाने काढायचा. कार्यालयांत मात्र ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याची खुर्ची उंच, त्याचा पॅच आधी, असा प्रकार होतो.

त्याच सुत्तात दुसरी गोष्ट आहे. तथागतांनी आनंदाला सांगितले होते की, आपल्यामागे संघाची इच्छा असल्यास त्याने लहानसहान नियम सोडून द्यावेत. परंतु लहानसहान म्हणजे नेमके कोणते, हे आनंदाने विचारून घेतले नाही. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत त्यावर एकमत होईना. तेव्हा महाकाश्यपांच्या प्रस्तावावरून कोणताच नियम न सोडण्याचे ठरले. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. कोणता नियम मुख्य आणि कोणता गौण, हे सांगणारा अधिकारी जागेवर आहे तोपर्यंतच विचारून लिहून घ्यावे. तो निवृत्त झाल्यावर किंवा कंपनीचा करार संपल्यावर जुनी धोरणे कोणी काढायला धजत नाही आणि ती वर्षानुवर्षे एकमेकांशी भांडत राहतात.

आपण काय करावे?

आपल्यातील पुष्कळ जण पतसंस्थांचे, सेवा सोसायट्यांचे आणि सहकारी बँकांचे सभासद आहेत. वार्षिक सभेत नफा आणि लाभांश यांवर प्रश्न होतात, तसे पुढील प्रश्नही सभासदाने अवश्य विचारावेत. आपल्या सर्व्हरवर पॅचचे आदेश किती ठिकाणांहून येतात? ते भिडले तर कोणाचा टिकेल, हे लेखी आहे काय? मुदत संपलेले अपवाद किती आहेत? पॅच बिघडला तर मागे येण्यासाठी बॅकअप आहे काय, आणि तो शेवटी कधी उतरवून पाहिला? सुटीच्या दिवशी निर्णय घेण्याचा अधिकार कोणाला दिलेला आहे? हे विचारण्यास अभियंता असण्याची गरज नाही. खातेदार असणे पुरेसे आहे.

आपल्या तरुणांना एक सांगावेसे वाटते. संगणकाचा पाठ्यक्रम पूर्ण केलेली मुले आपल्याकडे पुष्कळ आहेत, परंतु त्यांतील बहुतेक जण टंकलेखन आणि हिशेबाच्या कामावरच थांबतात. सर्व्हर सांभाळण्याच्या कामास माणसे हवी असतात. लिनक्स विनामूल्य मिळते. एका साध्या संगणकावर दोन आभासी सर्व्हर उभे करावेत, त्यांना मुद्दाम परस्परविरोधी आदेश द्यावेत आणि कोणता टिकतो ते पाहावे. आठवडाभराच्या अशा सरावाने जे समजते ते नुसत्या वाचनाने समजत नाही. समाजाच्या अभ्यासिकेतील संगणकांपासूनही ही सुरुवात करता येईल. त्यांच्या दुरुस्तीचे धोरण एका पानावर लिहून भिंतीवर लावले तरी तो पहिला धडा होईल.

'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला आदेश आहे. तो कोणत्याही दुसऱ्या आदेशाने मागे पडू नये, एवढेच म्हणून आम्ही हा लेख संपवितो.

जय भीम! नमो बुद्धाय!